सियाल-सायमाच्या धड्यात पाणी कुठे आहे?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

उन्हाळा लागला की मराठवाड्यातल्या वर्तमानपत्रांत पाण्याखेरीज दुसरा विषय उरत नाही, आणि ते बरोबरच आहे. जायकवाडीचा साठा, टँकरच्या खेपा, कोरडे गेलेले बोअर. आमच्या पत्राचा विषयही पाणीच आहे. फक्त हे पाणी नळाला येणारे नाही. पृथ्वीच्या बालपणी समुद्राच्या तळाच्या खडकात मुरलेले, आणि ज्याच्यावाचून जमीन नावाची वस्तूच तयार झाली नसती, असे ते पाणी आहे. भूगोलाच्या धड्यात ते कुठेच भेटत नाही, म्हणून हे पत्र.

खंडीय कवच म्हणजे सियाल: सिलिका आणि ॲल्युमिनियम, घनता कमी. त्याच्याखालचे आणि महासागरांचे कवच म्हणजे सायमा: सिलिका आणि मॅग्नेशियम, घनता जास्त. मुले हे पाठ करतात आणि गुणही मिळवतात. एखादी मुलगी विचारते, "पण सर, सियाल झाले कसे?" त्यावर ठरलेले उत्तर मिळते की पृथ्वी वितळलेली होती, तेव्हा जड होते ते खाली बसले आणि हलके वर तरंगले. विज्ञान प्रदर्शनातला सोडा-व्हिनेगरचा ज्वालामुखीही हेच मनावर ठसवतो: आग, लाव्हा, मग थंड झालेला दगड.

हे उत्तर अर्ध्यावर तुटते. जड-हलक्याच्या निवाड्याने पृथ्वीला लोखंडाचा गाभा मिळाला, त्यावर प्रावरण मिळाले, इथपर्यंत ठीक. पण प्रावरण थोडेसे वितळले की त्यातून निघतो तो बेसॉल्ट, ज्यात सिलिका जेमतेम ५० टक्के. ग्रॅनाइटात ती ७० टक्क्यांच्या घरात असते. प्रावरणातून थेट ग्रॅनाइट निघत नाही. बेसॉल्ट पुन्हा वितळवला तर निघतो, पण कोरडा बेसॉल्ट वितळायला सुरुवात व्हायलाच ११०० अंश सेल्सियसच्या आसपास जावे लागते, आणि कवचाच्या तळाशी एवढी उष्णता सहसा नसते. त्याच बेसॉल्टात पाणी मुरलेले असेल तर तो ८०० ते ९०० अंशांतच घामाघूम होतो. मोकळे पाणी भरपूर असेल तर ७०० लाही. हा दोन-तीनशे अंशांचा फरक नसता तर महाराष्ट्र, दख्खन, आफ्रिका, सायबेरिया यांतले काहीही उभे राहिले नसते.

पाणी हे करते कसे? आइस्क्रीमच्या पॉटमध्ये बर्फावर खडेमीठ टाकले की बर्फ शून्याखालच्या तापमानालाही वितळतो. दगडाच्या बाबतीत मिठाचे काम पाणी करते. खोलात पाहिले तर सिलिकेटच्या शिलारसात सिलिकॉनचे अणू ऑक्सिजनच्या पुलांनी एकमेकांना बांधलेले असतात. दाबाखाली पाण्याचा रेणू त्या पुलावर येतो, पूल तुटतो आणि दोन्ही टोकांना हायड्रॉक्सिल चिकटते. साखळ्या आखूड झाल्या की दोन गोष्टी घडतात. एक, खडक कमी तापमानाला वितळतो. दोन, रस पातळ होतो. ८०० अंशांवरचा कोरडा ग्रॅनाइटी रस डांबराहूनही कितीतरी घट्ट, जवळजवळ काचच. त्यात वजनाने पाचेक टक्के पाणी मिसळले की तो लाखपटीहून अधिक पातळ होतो आणि खडकाच्या फटींतून वर सरकू शकतो. वितळूनही जागचा न हललेला रस काय कामाचा? म्हणून हा दुसरा मुद्दा पहिल्याइतकाच महत्त्वाचा.

हे प्रयोगशाळेत तपासलेले आहे. टटल आणि बोवेन या भूशास्त्रज्ञांनी १९५८ मध्ये ग्रॅनाइटचे घटक पाण्याच्या दाबाखाली वितळवून मोजमापे प्रसिद्ध केली. साध्या दाबाला कोरडे मिश्रण वितळायला साडेनऊशे अंशांच्या वर जावे लागते. साधारण दोन हजार वातावरणांइतक्या दाबाखाली, पाण्यासह, ते ६८० ते ७०० अंशांत वितळते. पुढे १९८३ मध्ये कॅम्पबेल आणि टेलर या ऑस्ट्रेलियातल्या दोघा संशोधकांनी हा धागा ग्रहापर्यंत नेला: पाणी नाही तर ग्रॅनाइट नाही, आणि महासागर नाहीत तर खंडही नाहीत.

आता प्रत्यक्ष कृती. समुद्राच्या तळावर ताजा बेसॉल्ट पसरतो, थंड होताना तडकतो, त्या तड्यांतून समुद्राचे पाणी दोन-तीन किलोमीटर आत शिरते, तापते आणि खनिजे बदलत परत वर येते. ऑलिव्हिन या खनिजाचे सर्पेंटाइन होते, ज्यात वजनाने १३ टक्के पाणी. पायरॉक्सिन आणि फेल्डस्पारपासून क्लोराइट, एपिडोट, ॲम्फिबोल तयार होतात. क्लोराइटमध्ये १२ टक्क्यांच्या आसपास, हॉर्नब्लेंड या ॲम्फिबोलमध्ये फक्त २ टक्के. हा ओला बेसॉल्ट पुढे खोल गाडला जातो. गाडला जाताना ४००-५०० अंशांच्या पुढे क्लोराइट मोडते आणि आपले पाणी सोडून देते. हे पाणी वरच्या वर निसटते, त्याचा आपल्या कामाला थेट उपयोग नाही. उरतो तो मुख्यतः हॉर्नब्लेंड आणि फेल्डस्पार यांचा खडक, ॲम्फिबोलाइट, पोटात एक-दीड टक्का पाणी घेतलेला. सगळी मदार या एक-दीड टक्क्यावर. ३५ ते ५० किलोमीटर खोलीवर, ८०० ते ९५० अंशांत, हॉर्नब्लेंड तुटते आणि त्याचे पाणी मोकळे न होता सरळ रसात जाते. एकूण खडकाच्या १० ते ३० टक्के एवढाच रस निघतो. म्हणजे दहा ब्रास बेसॉल्टमागे एक ते तीन ब्रास माल. मागे राहतो गार्नेट आणि पायरॉक्सिनचा गाळ, प्रावरणाहूनही जड. तो पुष्कळदा खाली बुडतो. वर आलेला रस थिजला की टोनालाइट, ट्रॉन्जेमाइट, ग्रॅनोडायोराइट हे करडे खडक होतात. ४०० ते २५० कोटी वर्षांपूर्वीच्या खंडांचा मोठा भाग याच तिघांचा आहे.

यात काय-काय बिघडू शकते, हे कळले की पद्धत नीट समजते. खडक फार लवकर तापला तर वितळण्याच्या खोलीला पोचण्याआधीच पाणी उडून जाते आणि खाली कोरडा दगड पोचतो. खडक उथळ खोलीवरच वितळला तर गार्नेट तयार होत नाही, फेल्डस्पार मागे राहते. मग रसात स्ट्राँशियम कमी आणि यट्रियम जास्त, म्हणजे हवे त्याच्या नेमके उलट. प्रयोगशाळेत हे दोन आकडे पाहूनच रस किती खोलवरून आला ते सांगतात. तापमान फार चढले आणि निम्म्याच्या वर खडक वितळला, तर निघालेला रस पुन्हा बेसॉल्टाच्या जवळ जातो, सगळी मेहनत वाया. आणि रसात पाणी फार झाले तरी अडचण आहेच. ओल्या ग्रॅनाइटचा वितळबिंदू दाब कमी होईल तसा वाढतो. त्यामुळे पाण्याने तुडुंब रस वर चढू लागला की तापमान न उतरताही वाटेतच थिजतो. जगात ग्रॅनाइट बहुतेक जमिनीखाली थिजलेला आणि बेसॉल्ट मात्र लाव्हा होऊन पसरलेला का दिसतो, त्याचे एक मोठे कारण हे.

पुरावा म्हणाल तर तो सुईच्या टोकाएवढ्या स्फटिकांत आहे. पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या जॅक हिल्स टेकड्यांच्या वाळूखडकात झिरकॉन या टणक खनिजाचे कण सापडले, त्यांतला सर्वांत जुना ४४० कोटी वर्षांचा. झिरकॉन घडताना युरेनियमला जागा देतो, शिशाला देत नाही. म्हणून आत आज सापडणारे शिसे युरेनियमच्या ऱ्हासातूनच आलेले असते, आणि त्यावरून वय निघते. यातल्या पुष्कळ कणांतल्या टायटेनियमच्या प्रमाणावरून रसाचे तापमान ७०० अंशांच्या आसपास निघते, जे ओल्या ग्रॅनाइटाचे तापमान आहे. काही कणांत ऑक्सिजन-१८ हा जड समस्थानिक प्रावरणाच्या दर हजारी ५.३ या मापापेक्षा स्पष्ट जास्त, सहा-सातच्या घरात. कमी तापमानाला पाण्याशी रासायनिक व्यवहार झालेल्या खडकातच असे होते. तो खडक पुढे वितळला आणि त्याची खूण झिरकॉनमध्ये उतरली. म्हणजे पृथ्वी जन्मून वीसेक कोटी वर्षे होतात तोच तिच्यावर पाणी होते आणि ते कामाला लागलेही होते. आपल्याकडेही, ओडिशातल्या चंपुआजवळच्या खडकातून ४२० कोटी वर्षांहून जुने झिरकॉन मिळाल्याचे २०१८ मध्ये प्रसिद्ध झाले. मराठी वर्तमानपत्रांत याला पहिल्या पानावर जागा मिळायला हवी होती, असे आमचे स्पष्ट मत आहे.

वाद आहे तो ओला बेसॉल्ट खाली गेला कसा यावर. आजच्यासारखे एक भूपट्ट दुसऱ्याखाली सरकले म्हणून, की बेसॉल्टाचे थर एकावर एक इतके साचले की तळचे थर आपोआप ३०-४० किलोमीटरपर्यंत दाबले गेले? दोन्ही बाजूंना अभ्यासक आहेत. आम्हाला वाटते की सुरुवातीच्या काळात दुसरी रीत जास्त चालली असावी, कारण तेव्हाचे प्रावरण जास्त तापलेले आणि कवच मऊ होते. पण पाण्याच्या गरजेबद्दल दोन्ही बाजूंचे एकमत आहे. शेजारचा शुक्र पाहा: आकार पृथ्वीएवढाच, पाणी गमावलेले, आणि सोव्हिएत व्हेनेरा अवकाशयाने जिथे उतरली तिथे बहुतेक ठिकाणी बेसॉल्टासारखाच खडक मिळाला.

हे सगळे मराठवाड्याच्या वर्तमानपत्राला का लिहायचे? कारण मराठवाड्यात दोन्ही खडक एकाच जिल्ह्यात, एसटीच्या एका प्रवासात दिसतात. नांदेडहून देगलूर-बिलोलीकडे जाताना काळी जमीन मागे पडते, तांबूस मुरूम लागतो, आणि शेतांत, माळावर एकावर एक रचल्यासारखे गोल धोंडे दिसू लागतात. काळी जमीन साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या दख्खनच्या लाव्ह्याची. गोल धोंडे ग्रॅनाइट आणि नाइस (ग्रॅनाइटासारखाच, पण पट्टेदार खडक) यांचे, अब्जावधी वर्षे जुन्या खंडीय कवचाचे. इथे मुलांचा एक घोटाळा हमखास होतो, तो शिक्षकांनी आधीच सोडवावा: हा बेसॉल्ट वितळून तो ग्रॅनाइट झालेला नाही. ज्या बेसॉल्टापासून ग्रॅनाइट झाला तो केव्हाच संपला. वरचा काळा थर फार नंतर येऊन बसला. किल्लारीच्या १९९३ च्या भूकंपानंतर तिथे ६१७ मीटर खोल छिद्र घेतले, तेव्हा वरचे साधारण ३३८ मीटर बेसॉल्ट, मग आठेक मीटर गाळाचा थर आणि त्याखाली तळापर्यंत हाच प्राचीन स्फटिकी खडक लागला. म्हणजे लातूर-धाराशिवच्या काळ्या रानाखालीही पाया तोच आहे. देगलूरला तो उघडा आहे, एवढेच.

त्या धोंड्याचा ताजा तुटलेला तुकडा उन्हात हातात धरून पाहावा. काचेसारखा धुरकट कण म्हणजे क्वार्ट्झ, पांढरा किंवा गुलाबी सपाट चमकणारा तो फेल्डस्पार. काळे कण दोन तऱ्हेचे असतात. नखाने पापुद्रा निघाला तर काळा अभ्रक. न निघता आखूड काडीसारखा चमकला तर बहुधा हॉर्नब्लेंड. या दोन काळ्या खनिजांत आजही पाणी बांधलेले आहे, हॉर्नब्लेंडमध्ये २ आणि अभ्रकात ४ टक्क्यांच्या आसपास. दोन्ही दहा-दहा टक्के असतील असा खडक धरला, तर एका ब्रास सलग दगडात, म्हणजे साडेसात टनांत, चाळीस-पंचेचाळीस लिटर पाणी निघते. तीन घागरी. हे पाणी बोअरला कधीच लागत नाही, कोणी तसे सांगून पैसे मागितले तर देऊ नयेत. ते अणूंच्या चौकटीत आहे आणि दगड लालभडक तापवल्याशिवाय सुटत नाही. ग्रॅनाइटच्या भागात बोअरला लागणारे पाणी वरच्या झिजलेल्या मुरमातले आणि भेगांतले असते.

दगडात पाणी असते हे मुलांना डोळ्यांनी दाखवायचे तर झिओलाइट घ्यावा. मराठवाड्यात विहीर खणताना मांजऱ्या खडकाच्या पोकळ्यांत पांढरे, फिकट गुलाबी, मोरपिसासारख्या झुपक्यांचे स्फटिक निघतात; त्यांतला स्टिल्बाइट या कामाला उत्तम, कारण त्यात १६ ते १८ टक्के पाणी असते. स्फटिक आधी दिवसभर उन्हात वाळवावेत, नाहीतर वरची ओल आतले पाणी म्हणून मोजली जाते. बारीक कुटून दोन ग्रॅम पूड कोरड्या, जाड काचेच्या परीक्षानळीत घ्यावी. अख्खा खडा टाकू नये, तो तडकून उडतो. नळी चिमट्यात आडवी धरून, तोंड किंचित खाली आणि कोणाच्याही चेहऱ्याकडे नाही, असे स्पिरिटच्या दिव्यावर हळूहळू तापवावी. दोन-चार मिनिटांत तोंडाजवळच्या थंड काचेवर थेंब जमतात, एकूण पाव ग्रॅम किंवा थोडे अधिक. तोंड वर असेल तर थेंब मागे घसरून तापलेल्या काचेवर पडतो आणि नळी फुटते. हॉर्नब्लेंड या दिव्याला दाद देणार नाही, हेही मुलांना सांगावे. म्हणूनच ते आपले पाणी पस्तीस किलोमीटर खोल नेऊ शकते.

दुसरा प्रयोग घनतेचा, सियाल-सायमाच्या धड्यासाठीच. बेसॉल्टाचा आणि ग्रॅनाइटाचा मुठीएवढा तुकडा दोऱ्याने बांधून ताणकाट्याला लावावा, आधी हवेत वजन घ्यावे, मग पाण्यात पूर्ण बुडवून. हवेतले वजन भागिले दोन्ही वजनांतला फरक, ही घनता. ग्रॅनाइट हवेत ५४० ग्रॅम आणि पाण्यात ३४० भरला तर ५४० भागिले २००, म्हणजे २.७. बेसॉल्ट २.९ च्या आसपास यायला हवा. तो २.५ आला तर तुकडा मांजऱ्याचा आहे, पोकळ्यांनी आणि झिओलाइटने हलका झालेला. बांधकामाला लागतो तसला ठणठणीत काळा दगड घ्यावा. दगडाला चिकटलेले बुडबुडे बोटाने काढावेत, दोरा बादलीच्या काठाला टेकू देऊ नये. प्रावरणाची घनता ३.३. हे तीन आकडे फळ्यावर लिहिले की खंड उंच का आणि समुद्रतळ खोल का, हे मुले स्वतःच सांगतात.

आमच्या मागण्या दोन. बंगळूरच्या लालबागेतला नाइसचा खडक राष्ट्रीय भूवैज्ञानिक स्मारक आहे, तिथे लोक थांबून फलक वाचतात. देगलूर-बिलोली भागातले धोंडे मात्र खडी आणि फरशीसाठी फुटत चालले आहेत. सगळे वाचवा असे आम्ही म्हणत नाही, खडी सर्वांनाच लागते. पण करडा नाइस आणि त्यात घुसलेल्या गुलाबी ग्रॅनाइटच्या शिरा एकत्र दिसतात असा एखादा उघडा माळ ग्रामपंचायतींनी आणि जिल्हा परिषदेने राखून ठेवावा. करडा आधीचा, ओल्या बेसॉल्टातून निघालेला. गुलाबी बहुधा त्याच करड्याच्या पुन्हा वितळण्यातून, तोही पाण्याच्याच मदतीने. हा क्रम एका खडकावर बोट ठेवून दाखवता येतो. शाळांच्या सहली वेरूळला जातात, तिथला बेसॉल्ट पाहून होतो. एक दिवस इकडेही याव्यात. नमुन्यासाठी उघड्या खडकावर हातोडा चालवू नये, खदानीबाहेर पडलेला तुकडा पुरतो.

दुसरी मागणी आपल्याकडे. मुलांच्या पुरवणीत वरचे दोन्ही प्रयोग छापावेत. जागेअभावी मजकूर कापावा लागला तर आमची प्रस्तावना खुशाल काढा, पण "पूड करावी, खडा टाकू नये" आणि "नळीचे तोंड किंचित खाली" ही दोन वाक्ये गाळू नयेत.

आपले,
भूशास्त्राचे काही अध्यापक,
नांदेड